मेरी ब्रायंट : बॉटनी बेच्या काळ्या पाण्यावरून निसटलेली कैदी (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

दोनशे तीस-पस्तीस वर्षांपूर्वी कॉर्नवॉलच्या एका कोळीवाड्यातली बाई ऑस्ट्रेलियात हद्दपार झाली आणि दोन लहान मुलांना घेऊन उघड्या होडीतून समुद्रमार्गे निसटली. तिची गोष्ट सांगितली की बहुतेकांना पडणारे प्रश्न ठरलेले असतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

मेरी ब्रायंट म्हणजे नक्की कोण?

इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला कॉर्नवॉल हा मासेमारीचा आणि खाणींचा मुलूख आहे. तिथल्या फॉय नावाच्या बंदरात एका दर्यावर्दी माणसाच्या घरी मेरी ब्रॉड जन्मली. चर्चच्या दफ्तरात तिच्या बाप्तिस्म्याची तारीख १ मे १७६५ अशी आहे. ब्रायंट हे तिचं सासरचं नाव, आणि ते लग्नही झालं कैदेतच. १७८६ साली वयाच्या विशीत तिला शिक्षा झाली आणि १७९३ साली माफी मिळाली. मधल्या सात वर्षांत ती पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन परत आली, तिने दोन मुलांना जन्म दिला आणि दोघांनाही गमावलं.

तिने असा काय गुन्हा केला होता?

मेरी आणि आणखी दोघी, कॅथरिन फ्रायर आणि मेरी हेडन, यांनी रस्त्यात ॲग्नेस लेकमन नावाच्या बाईला अडवून लुटलं. लुटीत एक रेशमी टोपी आणि इतर किरकोळ ऐवज होता. सगळ्याची किंमत दीड-पावणेदोन पौंडांच्या आसपास. मार्च १७८६ मध्ये एक्झेटरच्या न्यायालयात तिघींनाही फाशी ठोठावण्यात आली.

आज हे वाचून हादरायला होतं, पण त्या काळच्या इंग्रजी कायद्यात दोनशेहून अधिक गुन्ह्यांना देहदंड होता. रस्त्यावरची लूट त्यांत फारच वर होती. व्यवहारात मात्र न्यायाधीश बऱ्याच जणांची फाशी रद्द करून हद्दपारी देत. मेरीची फाशी अशीच सात वर्षांच्या हद्दपारीवर आली.

ती निरपराध होती असं मी म्हणणार नाही. तिने लूटमार केली, आणि ज्या बाईची टोपी गेली तिला तो प्रसंग विसरता आला नसेल. पण त्या टोपीच्या बदल्यात सरकारने जे वसूल केलं, त्याचा हिशेब पुढच्या उत्तरांत आहे.

हद्दपारच करायचं तर इतक्या लांब का?

कारण जवळची सोय संपली होती. १७१८ च्या कायद्यापासून इंग्लंड आपले कैदी अमेरिकेतल्या वसाहतींत पाठवत असे. सुमारे पन्नास हजार माणसं अशी गेली. अमेरिकेने स्वातंत्र्याचं युद्ध सुरू केलं आणि हा मार्ग बंद झाला. तुरुंग ओसंडू लागले, तेव्हा १७७६ पासून मोडकळीला आलेली जहाजं बंदरांत नांगरून त्यांत कैदी कोंबायला सुरुवात झाली. मेरीला प्लिमथजवळच्या ‘डंकर्क’ नावाच्या अशाच तरंगत्या तुरुंगात ठेवलं होतं. ही तात्पुरती सोय वर्षानुवर्षं चालली, आणि शेवटी कॅप्टन कुकने १७७० मध्ये पाहिलेल्या बॉटनी बे या ठिकाणी कैद्यांची वसाहत करायचं ठरलं.

काळं पाणी म्हणजे अंदमान ना? मग हे वेगळं कसं?

आपल्या मनात काळं पाणी आणि अंदमान हे समीकरण पक्कं आहे, आणि सावरकरांमुळे मराठी घरांत ते अधिकच. पण अंदमानची कैदी वसाहत उभी राहिली १८५८ मध्ये, सत्तावनच्या उठावानंतर. त्याआधीही इंग्रज हिंदुस्थानातले कैदी बेंकुलन, पेनांग, सिंगापूर, मॉरिशस इथे धाडत होतेच. समुद्रापार टाकून माणसाला त्याच्या माणसांपासून तोडायचं आणि त्याच्या फुकट श्रमावर नवी वसाहत उभी करायची, ही रीत त्यांनी आधी स्वतःच्या गरिबांवर वापरली होती. मेरी जहाजावर चढली ती अंदमानच्या सत्तर वर्षं आधी. दोन्हीकडे फरकही मोठा आहे. ऑस्ट्रेलियात शिक्षा संपलेल्या गोऱ्या कैद्याला जमीन आणि मान मिळू शकत होता. अंदमानात राजकीय कैद्यांच्या वाट्याला सेल्युलर जेलच्या कोठड्या आणि कोलू आला.

जहाजावरचा प्रवास कसा होता?

१३ मे १७८७ रोजी पोर्ट्समथहून अकरा जहाजांचा ताफा निघाला. त्यात सुमारे साडेसातशे कैदी होते. मेरी ‘शार्लट’ या जहाजावर होती. तेनेरिफ, रिओ दि जानेरो, केप टाउन असे थांबे घेत आठ महिन्यांनी, जानेवारी १७८८ मध्ये ताफा बॉटनी बेला पोचला. तिथे गोडं पाणी कमी आणि माती हलकी निघाली, म्हणून ताफ्याचा प्रमुख आणि वसाहतीचा गव्हर्नर कॅप्टन आर्थर फिलिप याने थोडं उत्तरेला पोर्ट जॅक्सनमध्ये वस्ती हलवली. २६ जानेवारीला तिथे झेंडा रोवला गेला. आज त्याच जागेवर सिडनी शहर आहे.

प्रवासात, सप्टेंबर १७८७ मध्ये, मेरीला मुलगी झाली. जहाजाचंच नाव तिला दिलं : शार्लट. मुलीच्या बापाचं नाव काय, हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. माझं उत्तर असतं की दिवस मोजून पाहा. मूल राहिलं तेव्हा मेरी डंकर्कवर बंदिवान होती, आणि तिच्याभोवती पहारेकरी आणि पुरुष कैदीच होते. तिथे बाईच्या ‘हो’ला किंवा ‘नाही’ला किती किंमत असेल, ते ज्याने त्याने ओळखावं.

हा ताफा सगळ्यांत वाईट होता का?

नाही. फिलिप काळजी घेणारा माणूस होता, वाटेत ताजं अन्न घेत गेला. खरा अनर्थ झाला १७९० मधल्या दुसऱ्या ताफ्यात. तो आधी गुलामांच्या व्यापारात असलेल्या कंत्राटदारांना दिला होता, आणि त्यांना पैसे मिळणार होते ते चढवलेल्या कैद्यांमागे, जिवंत उतरवलेल्यांमागे नव्हे. सुमारे हजारातले चौथा हिस्सा कैदी वाटेतच मेले.

वसाहतीतलं रोजचं जगणं कसं होतं?

एका शब्दात सांगायचं तर उपाशी. शेती जाणणारी माणसं जवळपास नव्हतीच. आणलेलं बियाणं रुजेना, अवजारं बोथट झाली. इंग्लंडहून धान्य घेऊन येणारं ‘गार्डियन’ जहाज हिमनगावर आपटलं, आणि मार्च १७९० मध्ये वसाहतीचं मोठं जहाज ‘सिरियस’ नॉरफोक बेटाजवळ फुटलं. त्या एप्रिलात माणशी आठवड्याचा शिधा होता अडीच पौंड पीठ, दोन पौंड तांदूळ आणि दोन पौंड खारवलेलं डुकराचं मांस, म्हणजे प्रत्येकी किलोच्या आसपास. नौदलाच्या पलटणीतला अधिकारी वॉटकिन टेंच याने लिहून ठेवलंय की मांस तीन-चार वर्षांपूर्वी खारवलेलं होतं आणि तांदळाचा दाणा न् दाणा आतल्या किड्यांमुळे हलताना दिसे.

अन्नाची चोरी म्हणजे फास. वस्ती बसून जेमतेम महिना झाला होता तेव्हा, फेब्रुवारी १७८८ मध्ये, टॉमस बॅरेट नावाच्या कैद्याला कोठारातल्या चोरीसाठी झाडाला लटकवलं. त्याहून लहान गुन्ह्याला चाबकाचे फटके होते.

तिथे आधी कोणी राहत नव्हतं का?

राहत होते. त्या बंदराभोवती इओरा लोकांच्या अनेक टोळ्या होत्या. त्यांचं मासेमारीचं कसब पाहून इंग्रज चकित होत. कैद्यांची वसाहत त्यांच्या जमिनीवर बसली, कोणी विचारलं नाही. एप्रिल १७८९ मध्ये देवीची साथ आली आणि बंदराकाठचे इओरा भयंकर संख्येने मेले. किनाऱ्यावर, खडकांच्या कपारींत प्रेतं पडून राहिली. मेरीबद्दल मला कितीही कणव असली तरी ती ज्या ताफ्यातून आली त्याने दुसऱ्या कोणाचं घर उद्ध्वस्त केलं, हे तिच्या गोष्टीतून वगळता येत नाही.

विल्यम ब्रायंट कोण?

तोही कॉर्नवॉलचा कोळी. नौदलाच्या खलाशांचा तोतया बनून त्यांचा पगार उचलल्याबद्दल त्याला १७८४ मध्ये सात वर्षांची हद्दपारी झाली होती. १० फेब्रुवारी १७८८ रोजी, म्हणजे वस्तीची पहिली काही लग्नं लागली त्याच दिवशी, पाद्री रिचर्ड जॉन्सन यांनी मेरी आणि विल्यमचं लग्न लावलं.

जाळं आणि होडी जाणणारा माणूस उपाशी वसाहतीत सोन्याच्या मोलाचा. फिलिपने त्याला मासेमारीच्या होड्यांचा तांडेल केलं, राहायला झोपडी दिली. पण फेब्रुवारी १७८९ मध्ये तो काही मासे परस्पर विकताना सापडला. शंभर फटके बसले, तांडेलकी गेली, झोपडीही गेली. गंमत अशी की होडीवरून त्याला काढता मात्र येईना, कारण त्याच्याइतके मासे दुसरा कोणी आणत नव्हता. एप्रिल १७९० मध्ये दोघांना मुलगा झाला, इमॅन्युएल.

शिक्षा संपत आली असताना ते का पळाले?

या प्रश्नावर मी पुष्कळ विचार केला आहे. मार्च १७९१ मध्ये विल्यमची सात वर्षं पुरी होत होती. पण पुरी झाली म्हणजे काय? पहिल्या ताफ्यासोबत कैद्यांच्या शिक्षेचे कागद आलेच नव्हते. माझी मुदत संपली असं म्हणणाऱ्याला दाखवायला पुरावा नसे. आणि मुदत संपली तरी हजारो मैल घरी न्यायला जहाज कुठे होतं? शिवाय बायकामुलांना सरकारी कोठारावर सोडून कोणी जाऊ नये असा दंडक होता. मेरीची दोन वर्षं अजून बाकी होती. वसाहतीचा न्यायाधिकारी डेव्हिड कॉलिन्स लिहितो की इथलं लग्न आपल्यावर बंधनकारक नाही, असं विल्यम उघड म्हणत असे. म्हणजे तो एकटा सटकण्याच्या विचारात असावा.

अखेर गेले ते चौघंही. त्यामागे मेरी होती असं मला वाटतं. कागदावर तसं कुठे लिहिलेलं नाही, पण एकट्याने सुटू पाहणारा नवरा वर्षाचं तान्हं आणि साडेतीन वर्षांची दुसऱ्याची मुलगी घेऊन होडीत बसतो, तेव्हा कोणीतरी त्याला बसवलेलं असतं.

पळण्याची तयारी कशी केली?

फार थंड डोक्याने. त्या सुमारास ‘वाक्सामहाइड’ हे डच जहाज बटाव्हियाहून, म्हणजे आजच्या जाकार्ताहून, धान्य घेऊन आलं होतं. त्याचा कप्तान डेटमर स्मिट याच्याकडून विल्यमने होकायंत्र, उंची मोजायचं यंत्र आणि समुद्राचा नकाशा मिळवला. शंभर पौंड पीठ, तेवढेच तांदूळ, थोडं मांस आणि पाणी साठवलं. दोन बंदुका मिळवल्या.

होडी तर सरकारनेच तयार करून दिली म्हणायची. गव्हर्नरची सहा वल्ह्यांची होडी विल्यमच्या हाती असताना माशांच्या ओझ्याने पाण्याने भरून उलटली होती. तीत इओरांचा पुढारी बेनेलाँग याची बहीण आणि लहान मुलंही होती. इओरा लोकांनी धावून जाऊन माणसं आणि वल्ही वाचवली. त्यानंतर होडीची नीट दुरुस्ती झाली, नवी शिडं चढली.

२८ मार्च १७९१ रोजी डच जहाज निघून गेलं. ‘सिरियस’ फुटलेलं, वसाहतीचं दुसरं जहाज ‘सप्लाय’ नॉरफोक बेटाकडे गेलेलं, म्हणजे पाठलागाला बंदरात एकही मोठं जहाज नाही. त्याच रात्री ब्रायंट कुटुंब आणि आणखी सात कैदी होडीत बसले. सकाळी पहारेकऱ्यांना झोपडीपासून किनाऱ्यापर्यंतच्या वाटेवर एक करवत, एक तराजू आणि सांडलेले तांदूळ सापडले. या सगळ्या इतिहासात मला सर्वांत जिवंत वाटते ती ही तांदळाची वाट. उपाशी वसाहतीत कोणी तांदूळ सांडत नाही. त्या अंधारात किती घाई असेल आणि मुलं रडू नयेत म्हणून काय केलं असेल?

होडीतून कुठे गेले?

डचांच्या ताब्यातल्या तिमोर बेटावरच्या कुपांगला. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्याने उत्तरेला, प्रवाळाच्या महाभिंतीच्या आतून, टोरेस सामुद्रधुनी ओलांडून, कार्पेंटेरियाचं आखात पार करून. पाच हजार किलोमीटरांहून जास्त अंतर, ६९ दिवस, उघड्या होडीत. दोन वर्षांपूर्वी ‘बाउंटी’ या इंग्रज जहाजावरच्या खलाशांच्या बंडानंतर कॅप्टन ब्लाय अशाच होडीतून कुपांगला पोचला होता आणि त्याचं जगभर कौतुक झालं. पण ब्लाय नौदलाचा कसलेला अधिकारी होता, कुकच्या हाताखाली शिकलेला, आणि त्याच्या होडीत मुलं नव्हती.

बरोबरच्या जेम्स मार्टिन या कैद्याने पुढे या प्रवासाची हकीकत नोंदवून ठेवली. तिच्यात पहिल्याच दिवसांत सापडलेला दगडी कोळसा आहे, गळकी होडी किनाऱ्याला ओढून बुजवणं आहे. वादळात दिवसन् दिवस किनारा दिसेना, आणि पाणी उपसत राहिलं नाही तर बुडणार, अशी अवस्था. प्रवाळ बेटांवर कासवं मिळाली तेव्हा पोटभर खाल्लं आणि मांस वाळवून घेतलं. किनाऱ्यावर उतरताना काही ठिकाणी तिथल्या लोकांनी त्यांना हाकलून लावलं, कैद्यांनी बंदुका झाडल्या. आखाताच्या तोंडाशी शिडाच्या मोठ्या होड्या मागे लागल्या, तेव्हा त्यांनी सरळ खुल्या समुद्रात घातलं आणि साडेचार दिवसांत आखात ओलांडलं.

५ जून १७९१ रोजी ते कुपांगला लागले. अकराच्या अकरा जिवंत, दोन्ही मुलांसकट. कोकणच्या किनाऱ्यावर मचव्यातून पावसाळ्याच्या तोंडाशी सापडलेल्या माणसाला विचारा, म्हणजे याचा अर्थ कळेल.

मग पकडले कसे गेले?

बुडालेल्या जहाजातून वाचलेले प्रवासी अशी त्यांनी बतावणी केली. डच गव्हर्नर टिमोथियस वान्योन याने कपडे, अन्न, आसरा दिला. पुढे बिंग फुटलं. विल्यम नशेत बोलला, नवरा-बायकोच्या भांडणातून बाहेर आलं, असं वेगवेगळं सांगितलं जातं. सप्टेंबरमध्ये कॅप्टन एडवर्ड एडवर्ड्स तिथे पोचला. तो बाउंटीच्या बंडखोरांना पकडायला निघाला होता आणि त्याचं ‘पँडोरा’ जहाज प्रवाळावर फुटल्याने होड्यांतून कुपांगला आला होता. त्याने या सगळ्यांना बेड्या ठोकल्या.

मुलांचं काय झालं?

एडवर्ड्स त्यांना आधी बटाव्हियाला घेऊन गेला. ते शहर तापासाठी कुप्रसिद्ध होतं. १ डिसेंबर १७९१ रोजी इमॅन्युएल तिथे वारला. तीन आठवड्यांनी, २२ तारखेला, विल्यम. केप टाउनच्या वाटेवर आणखी तिघं पुरुष संपले.

केप टाउनला उरलेल्यांना ‘गॉर्गन’ या जहाजावर चढवलं. त्याच जहाजाने वॉटकिन टेंच आणि त्याची पलटण मायदेशी परतत होती. मेरीला घेऊन ‘शार्लट’वरून गेलेला हाच टेंच. त्याने लिहिलंय की या लोकांकडे बघताना आपल्याला दर वेळी दया आणि अचंबा दोन्ही वाटे. मे १७९२ मध्ये, इंग्लंड महिना-दीड महिन्यावर असताना, छोटी शार्लट वारली. तिला समुद्रात सोडलं. ती समुद्रावर जन्मली आणि समुद्रावरच गेली. मधली साडेचार वर्षं तिने कैद, भूक आणि होडी एवढंच पाहिलं. तिने कोणाचीही टोपी चोरली नव्हती.

इंग्लंडमध्ये त्यांना फाशी का दिली नाही?

हद्दपारीतून परतणं हा देहदंडाचा गुन्हा होता. पण लंडनच्या वर्तमानपत्रांत हकीकत आली आणि लोकांचं मन द्रवलं. न्यायालयाने जुनीच शिक्षा पुढे चालू ठेवून पाचही जणांना न्यूगेट तुरुंगात पाठवलं. परत बॉटनी बेला जाण्यापेक्षा मेलेलं बरं, असं ते म्हणत. कुप्रसिद्ध न्यूगेट त्यांना स्वर्गासारखं वाटलं, यावरून वसाहतीची कल्पना यावी.

त्यांच्यासाठी उभा राहिला जेम्स बॉस्वेल, स्कॉटिश वकील आणि लेखक. गृहमंत्री हेन्री डंडस याच्याकडे त्याने पत्रांवर पत्रं लिहिली, कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. २ मे १७९३ रोजी मेरीला बिनशर्त माफी मिळाली, नोव्हेंबरात चारही पुरुष सुटले. बॉस्वेलने तिला लंडनमध्ये खोली घेऊन दिली आणि वर्षाला दहा पौंडांची नेमणूक लावून दिली. दोघांच्या नात्याबद्दल तेव्हाही कुजबुज झाली, पण ज्याने पदरमोड करून पाच गरिबांना सोडवलं त्याच्याकडे मी तरी त्या नजरेने बघणार नाही.

सगळ्याच कैद्यांचं आयुष्य असं गेलं का?

नाही. १७८८ ते १८६८ या ऐंशी वर्षांत सुमारे १,६२,००० कैदी ऑस्ट्रेलियात गेले, त्यांत बायका पंचवीस हजारांच्या आसपास. पुढच्या काळात बहुतेकांना मळेवाल्यांकडे किंवा घरकामाला जुंपलं जाई. वागणूक चांगली असेल तर ‘तिकिट ऑफ लीव्ह’ मिळे, म्हणजे वसाहतीतच राहून स्वतःच्या मजुरीवर जगायची परवानगी. घोडाचोरीसाठी पोरवयात आलेली मेरी रीबी पुढे मोठी व्यापारी झाली, आणि तिचं चित्र आज ऑस्ट्रेलियाच्या वीस डॉलरच्या नोटेवर आहे. नॉरफोक बेट किंवा पोर्ट आर्थरसारख्या कडक शिक्षेच्या ठिकाणी गेलेल्यांची कथा मात्र अंदमानच्या जवळ जाणारी आहे.

मेरी पुढे कुठे गेली? तिची काही खूण उरली आहे का?

ऑक्टोबर १७९३ मध्ये ती कॉर्नवॉलला परत निघाली. घरचे आपल्याला स्वीकारतील का, या धास्तीने तिचा पाय निघत नव्हता. बॉस्वेल स्वतः तिला बोटीवर सोडायला गेला. पैसे पोचल्याची नोंद १७९४ च्या अखेरपर्यंत सापडते. १७९५ मध्ये बॉस्वेल वारला, आणि त्यानंतरच्या कागदांत मेरीचा माग लागत नाही.

जेम्स मार्टिनची हकीकत लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये, तत्त्वज्ञ जेरेमी बेंथमच्या कागदपत्रांत टिकून आहे. मेरीने स्वतःचं असं काही लिहून ठेवलेलं नाही. पण निघताना तिने बॉस्वेलला एक पुडी दिली होती. सिडनीच्या आसपास एक रानवेल होते, तिच्या पानांचा गोडसर काढा कैदी चहा म्हणून पीत. ती वाळकी पानं तिने पळताना बरोबर घेतली आणि कुपांग, बटाव्हिया, केप टाउन, न्यूगेट एवढ्या सगळ्यातून जपली. बॉस्वेलच्या कागदांत ती पुढे दीडशे वर्षं पडून होती. त्यांतली काही आता सिडनीच्या स्टेट लायब्ररीत आहेत.